जुळ्याचा होकार

भर दुपारी कुपवाडच्या एका गल्लीत मी एका दारात उभी होते आणि घरमालक मला देशभक्ती शिकवत होता. गणपती हारगे त्याचं नाव. अंगात बनियन, हातात टीव्हीचा रिमोट, आणि प्रत्येक वाक्याला तो रिमोट माझ्या नाकासमोर नाचायचा.

"लिहा की मॅडम. भरती सक्तीचीच पाहिजे. एकूण एक पोरगं घाला सैन्यात. दोन वर्षं बर्फात उभी राहिली की मोबाईल सुटतोय बघा आपोआप."

"तुमच्या घरात अठरा ते तेवीसमधलं कुणी आहे?"

"हाय की. थोरला. एकोणीसचा."

आतला भांडी घासायचा आवाज थांबला. मी टॅबवर त्याचा होकार नोंदवला आणि नियमाप्रमाणे त्याच्या जुळ्याचं उत्तर त्याला ऐकवलं. जुळं त्याच्याच आवाजात बोललं, फक्त जरा हळू. "माझ्या पोराला नको. बाकीच्यांचं काय करायचं ते करा."

हारगे रिमोटकडं बघत राहिला. मग म्हणाला, "यंत्र बिघडलंय तुमचं."

"न्हाई बिघडलं," आतून बाईंचा आवाज आला. भांडी पुन्हा वाजायला लागली.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं. लगेच बोलू नका, क्षणभर गप्प बसा, जुळ्याला खोटं बोलून काही मिळत नाही, मग सांगा, बरोबर की चूक. हारगे गप्प बसला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "बरोबर लिहा. पण शेजारी कळाय नको."

असं दिवसभर. मी उज्ज्वला चौगुले, राहणार सांगली, काम पडताळणीचं. लोक तोंडानं काय म्हणतात आणि त्यांचं जुळं काय म्हणतं, यातला फरक गोळा करायचा. हे काम तीनेक वर्षं केल्यावर माणसाचा एक मोठा तोटा होतो. कुणी काहीही ठासून सांगायला लागलं की कंटाळा येतो.

जुळं म्हणजे काय ते सांगते. पूर्वी मतचाचणी म्हणजे माणसांना जाऊन विचारायचं. मग माणसांनी दारं उघडणं सोडलं. फोन उचलणं तर त्याआधीच सोडलं होतं. जे बोलायचे ते शेजारी काय म्हणेल या धाकानं बोलायचे. तेव्हा कंपन्यांनी माणसाऐवजी त्याची नक्कल करून तिला विचारायचं ठरवलं. आधी भाषेचं एक मोठं मॉडेल, कोट्यवधी लोकांच्या बोलण्यालिहिण्यावर तयार केलेलं. मराठी माणूस कशावर चिडतो, कशावर हळवा होतो, हे त्याला साधारण येतं. पण ते साधारणच. म्हणून त्यावर एकेका माणसाचा थर चढवायचा. तो काय शोधतो, कुठल्या बातमीवर त्याचा अंगठा थबकतो, काय विकत घेतो, कुणाला उत्तर द्यायचं टाळतो. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे तो काय लिहितो आणि पाठवायच्या आधी पुसून टाकतो. पाठवलेल्यापेक्षा पुसलेल्यात माणूस जास्त सापडतो, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. एवढा थर चढला की ती नक्कल त्या माणसाच्या वतीनं उत्तरं देते, तेही त्याच्या आवाजात, कारण आवाज फोनवर असतोच. कंपनीनं तिला एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. लोक जुळंच म्हणायचे.

यासाठी लोकांची संमती होती का? होती की. फोनचा पॅक स्वस्त मिळावा म्हणून सगळ्यांनी ते बटण कधीच दाबलं होतं.

दोन निवडणुकांचे निकाल जुळ्यांनी आधीच बिनचूक सांगितले आणि सरकारला त्यांची चटक लागली. कुठलाही नाजूक कायदा मांडायच्या आधी जुळ्यांना विचारायचं, होकार दिसला तरच पुढं जायचं. सक्तीच्या सैनिकी सेवेचं विधेयक असंच आमच्याकडं आलं. सीमेवर आता यंत्रं लढतात, पण त्या यंत्रांची राखण करायला आणि उंचावरच्या चौक्यांत बसायला माणसं लागतात. स्वखुशीनं येणारी पुरत नाहीत, असं सरकारचं म्हणणं. अठरा ते तेवीस वर्षांची मुलं, चिठ्ठ्या टाकून निवड, दोन वर्षं सेवा. जगात बऱ्याच देशांनी बंद केलेली सक्ती पुन्हा सुरू केली होती. आपल्याकडं ती कधी नव्हतीच, म्हणून सरकार बिचकत होतं.

निकाल आला तेव्हा आमचे गोगटे सर पुण्याहून पडद्यावर बोलत होते. तरुण पोरगा, कायम झोप न झालेला. बाप्यांचं त्यांनी सांगितलं ते आम्हाला ठाऊकच होतं. तोंडानं हो, जुळ्याचं नाही, सगळे हारगेच. बंगलेवाल्यांचाही नकारच. "पण मोठी बातमी वेगळीच आहे," सर म्हणाले. "सर्वांत ठाम होकार बायकांचा आहे. पंचेचाळीस ते पंचावन्न वयोगट. म्हणजे नेमक्या आया. ज्यांची मुलं जातील, त्याच म्हणतायत, घेऊन जा."

माझ्या शेजारी दिलशाद मुल्ला बसली होती, मिरजेची, माझ्यासारखीच पडताळणीवाली. ती कुजबुजली, "कुठल्या आया ह्या? माझी अम्मी तर मला मिरजेहून सांगलीला पाठवताना डोळं पुसायची."

मंत्र्यांनी मात्र वेळ घालवला नाही. त्याच आठवड्यात सभेत त्यांनी जाहीर केलं की या देशाच्या माता आपली लेकरं मातृभूमीला द्यायला तयार आहेत. विरोधी पक्षवाले एकदम मऊ पडले. आयांच्या विरोधात बोलणार कोण? गल्लोगल्ली फलक लागले. त्यांवर एक आई मुलाला ओवाळत होती आणि तिच्या साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी रोज त्या फलकाखालून कामाला जायची.

माझ्या घरातही एक होता, बावीस वर्षांचा. सुयोग.

सुयोगनं डिप्लोमा केला, मग दोन कारखान्यांत शिकाऊ म्हणून राबला, दोन्हीकडं त्याच्या जागी यंत्रं आली. पोलीस भरतीला गेला, वनखात्याला गेला, प्रत्येक ठिकाणी थोडक्यात हुकला. सैन्याच्या भरतीला एकदा कोल्हापूरला गेला होता. परत आला, जेवला आणि झोपला. काय झालं ते विचारलं तर "काही नाही" म्हणाला. त्यानंतर तो हळूहळू खोलीत गेला. जातो म्हणून कुणी जात नाही, दार थोडं थोडं लागत जातं. आधी मित्रांचे फोन बंद झाले, मग पडदे लागले, मग आम्ही बाहेर पडलो की हा उठणार असं झालं. पडल्या पडल्या फोन बघायचा. आमचे हे, विलासराव, तासगावला द्राक्षांच्या शीतगृहात कामाला. ते जेवताना भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "कायदा होऊ दे एकदा. सरळ होतील सगळी." आणि मग दही घेऊन स्वतःच्या हातानं सुयोगच्या दाराशी ठेवून यायचे.

मी काय काय केलं नाही? गोड बोलून झालं, रडून झालं, डॉक्टरकडं नेऊन झालं. डॉक्टर म्हणाले धीर धरा. धीर धरून धरून मी वाळून गेले होते. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता. माझ्याच पोराचा. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, पण घरी परतताना जिन्यातच पाय जड व्हायचे आणि त्याला कारण दिवसभराची पायपीट नव्हती.

आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या जुळ्यांचीही पडताळणी व्हायची, दुसऱ्या कुणीतरी येऊन करायची. माझी दिलशादकडं आली. रविवारी सकाळी ती घरी आली. हे शीतगृहावर गेले होते. तिनं चहा घेतला, खारी बुडवून खाल्ली, माझ्या नव्या पडद्यांना नावं ठेवली आणि मग टॅब काढला.

"सक्तीची सैनिकी सेवा असावी का, ताई?"

"नसावी. लिही. ठाम विरोध."

"आता जुळं ऐका."

माझा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "घ्या की सक्तीनं. घरात पडून आतल्या आत कुजण्यापेक्षा घेऊन गेलेलं बरं. निदान कुणीतरी न्यायला तरी येईल."

दिलशादनं माझ्याकडं बघितलं नाही. तीच पद्धत आहे. जुळं बोललं की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. "बरोबर की चूक?" तिनं विचारलं.

चूक म्हणता आलं असतं. कितीतरी बायका म्हणायच्या, लाजून म्हणत असतील असं धरून आम्ही निमूट लिहून घ्यायचो, आणि मोजणीत जुळ्याचंच उत्तर जायचं. पण मी इतकी वर्षं दारोदार लोकांना सांगत आले होते की क्षणभर गप्प बसा, जुळ्याला खोटं बोलून काही मिळत नाही. ते मलाही लागू होतं. मी गप्प बसले. चारच दिवसांपूर्वीची सकाळ मला आठवली. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की बाळा, ते अंथरूण तरी गोळा कर. तो भिंतीकडं वळला. आणि मी दारात उभी राहून मनात म्हणाले होते, कुणीतरी न्या रे बाबांनो याला. याच शब्दांत नसेल. पण म्हणाले होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मान वर केली तर सुयोग फिल्टरपाशी उभा होता, हातात पाण्याची बाटली. दार कधी उघडलं, कळलं नाही. त्याची बाटली भरली, त्यानं तोटी बंद केली, ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्यानं पुसलं आणि तो आत गेला.

दिलशादनं टॅब मिटला. "चूक म्हणायचं होतं की ताई. मी लिहिलं असतं."

"खोटं कसं सांगू?"

"कुणी बक्षीस देणार होतं काय तुम्हाला?" ती चिडून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर सुयोग सुधारला. म्हणजे आमचे हे तसं म्हणाले. तो सकाळी उठायला लागला, अंथरुणाची घडी घालायला लागला, स्वतःचं ताट घासायचा, दूध आणायचा. मी घरी आले की टीव्ही बंद करून उठून उभा राहायचा. "चहा टाकू काय, आई?" असं विचारायचा. मी वर्षभर देवाकडं हेच मागत होते आणि आता ते बघवत नव्हतं. कारण असं वागतो तो पाहुणा. लवकरच निघायचं असलेला, कुणाला त्रास नको म्हणणारा पाहुणा. हे मला म्हणाले, "बघ, बोललीस का काही त्याला? गुण आला." मी फक्त मान हलवली.

त्याच्याशी बोलायला तीन-चारदा दारापर्यंत गेले. पण काय बोलणार? मी तसं म्हणाले नव्हते, असं म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती. मग वाटलं, निदान मी असं का म्हणाले, ते तरी नीट समजून घ्यावं. जुळ्याला 'का' विचारता येतं. ज्याच्याकडं ती पडताळणी असेल त्यालाच ती मुभा असते, म्हणून दिलशादला घेऊन कचेरीत बसले. तिनं माझं जुळं उघडलं आणि टॅब माझ्याकडं सरकवला.

"सक्ती का हवी?" मी विचारलं.

"सक्ती असली की नापास करत नाहीत ना," माझा आवाज म्हणाला. "चिठ्ठी निघाली की निघाली. तू योग्य आहेस का, असं कुणी विचारत नाही."

"नापास कुणाला?"

"छाती बोटभर कमी भरली तर सक्तीच्या भरतीत चालतं का, ते शोधलं होतं. पळताना शेवटच्या फेरीला दम तुटतो, त्याचंही शोधलं. नीट काही सापडलं नाही. बाकी सगळीकडं रांगेतून बाजूला काढतात. सगळ्यांसमोर. यात तरी नावानं बोलवतील."

दिलशादनं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पळाले असेन तर एसटी पकडायला.

"हे घरात बोललीस का?" मी विचारलं.

"आईला सांगून काय उपयोग? ती म्हणणार, तुला वाटेल ते कर बाळा. तेही दमलेल्या आवाजात. ती आधीच इतकी दमलेली असते की तिच्यावर आणखी एक गोष्ट टाकायला नको वाटतं."

माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

उलगडायला वेळ लागला नाही, आणि उलगडल्यावर आपण एवढे मूर्ख कसे याचंच नवल वाटलं. सुयोगला फोन घेतला तेव्हा तो नववीत होता. अठराच्या आतल्या मुलाला सिमकार्ड मिळत नाही, म्हणून ते माझ्या कागदपत्रांवर घेतलं. बाप कामावर, दुकानात जायला आईच मोकळी, सगळ्यांच्या घरी असंच होतं. पुढं मुलगा मोठा झाला, पण सिम बदलून घ्यायला कोण जातंय? चालू आहे ना, मग राहू दे. आणि जुळी बनवणारं यंत्र एका नावावरची सगळी सिम एकाच माणसाची धरून चाललं होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर असतं काय? कामाचे कॉल, बहिणीचे शुभ सकाळचे फुलांचे फोटो, कधीमधी लोणच्याची कृती. त्याच्या फोनवर त्याचा सगळा दिवस. तेव्हा माझं जुळं म्हणजे चिमूटभर मी आणि पातेलंभर तो, वर आवाज तेवढा माझा.

"ताई," दिलशाद म्हणाली, "आपण ज्या बायांचं 'चूक' लिहून घेतलं त्या लाजून म्हणत नव्हत्या मग."

देशभरच्या घरांत आयांच्या नावावर पोरांचे फोन होते. आणि पोरं अंधारलेल्या खोल्यांत पडून लिहीत होती आणि पुसत होती, की कुणीतरी न्यायला या. फलकावरची ती ओवाळणारी आई मला दिसली. माता तयार आहेत! मातांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि ज्यांना विचारलं, त्यांतल्या माझ्यासारख्या एखादीनं 'बरोबर' म्हणून शिक्का मारून दिला होता.

मला खरंच वाटलं की आता हे विधेयक अडेल. मी तिथूनच गोगटे सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला होता. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी डोळे चोळले.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. दुरुस्त करायला हवं. आयांच्या रकान्यातला होकार काढून तरुणांच्या रकान्यात टाकावा लागेल."

"मग?"

"मग काय? एकूण होकार तेवढाच राहील. उलट जास्त पटेल. ज्यांना जायचंय तेच मागतायत म्हटल्यावर विरोध कोण करणार?"

"सर, ती पोरं युद्ध मागत नाहीयेत. त्यांना कुणीतरी बोलवायला हवंय. काम देऊन बोलवा, ती येतील."

"ते मला कळतंय," सर म्हणाले, आणि त्यांना खरोखर कळत होतं, त्याचंच वाईट वाटलं. "पण आपल्याला प्रश्न 'हो की नाही' असा दिलाय. तुम्हाला काम हवंय का, असा प्रश्न कुणी दिलेला नाही. माझा धाकटा भाऊही असाच घरी आहे, मॅडम. नागपूरला. फोन आईच्याच नावावर असेल त्याचा."

पुढच्या आठवड्यात मंत्री म्हणाले, या देशाचा तरुण सीमेकडं डोळे लावून बसला आहे. फलक बदलले. ओवाळणारी आई गेली, छाती काढून उभा असलेला मुलगा आला. विधेयक मंजूर झालं तेव्हा हारगेच्या गल्लीत फटाके वाजल्याचं दिलशादनं सांगितलं. हारगेनं वाजवले का, ते तिला ठाऊक नव्हतं.

मंजूर झालं त्या दुपारी मी काम अर्ध्यावर टाकून घरी आले. सुयोग गच्चीवर वाळलेले कपडे काढत होता. माझ्या साड्या काढून तो कठड्यावर नीट घडी घालत होता. ऊन खाली उतरलं होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आठवडाभर मनात घोकलेलं एका दमात बोलून टाकलं.

"सुयोग, त्या दिवशी दिलशादनं ऐकवलं ते मी नव्हते. तो माझा आवाज होता, पण बोलणं तुझं होतं. तुझं सिम माझ्या नावावर आहे ना, म्हणून. यंत्राची चूक झाली."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. ऐकल्या ऐकल्याच. रात्री मीच लिहून पुसलं होतं की तसं. शब्दसुद्धा माझेच होते." साडीचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो मागं सरकला. "मी लई घाबरलो होतो, आई. म्हटलं, आता हिला सगळं कळलं. आता ही येऊन विचारणार मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू 'बरोबर' म्हणालीस ना."

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. आम्ही साडीची घडी जवळ आणली आणि त्यानं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं.

"मी दमले होते रे," मी म्हणाले. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. "दमले म्हणजे तू नकोसा झालास असं नाही. मनात येतं माणसाच्या. आलं आणि गेलं. मला वाटलं खरं बोलावं. तुझ्यासमोर नव्हतं बोलायचं, पण खोटं नको म्हणून..."

"मला कळतंय."

"नाही कळत तुला!"

"कळतंय की. मीपण दमलोय." त्यानं साडी इतर घड्यांवर ठेवली. "कशाला रडतेस? मला जायचं होतं. तुला मी जावं असं वाटत होतं. यात भांडण कुठं आहे?"

"मला नव्हतं वाटत! नाही वाटत. तू जाऊ नकोस, सुयोग. चिठ्ठी निघाली तरी नको. मी उभी राहीन दारात, कुणाला आत येऊ देणार नाही. पडून राहा खोलीत, जन्मभर पडून राहा, मी काही म्हणणार नाही."

मी अगदी मनापासून बोलत होते. इतकं खरं मी बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलले नव्हते. तो माझ्याकडं बघत होता आणि मी थांबले तेव्हा त्यानं मान हलवली आणि हसला, माझं मन दुखू नये म्हणून. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. एखादा माणूस दारात उभा राहून छातीवर हात ठेवून काही ठासून सांगतो आणि त्याचं जुळं ऐकवायच्या आधी मी ते नोंदवून घेते, तेव्हा मी त्याच्याकडं बघून असंच हसते.